बारदान वजा जाता

सोमवार, ३ तारीख

दिवसभर मी दुसऱ्याच्या तोंडाने बोलतो. पालिकेच्या पत्रव्यवहार शाखेत बसून आयुक्तांच्या वतीने खेद व्यक्त करायचा, आयुक्तांच्या वतीने आभार मानायचे आणि 'आपला अर्ज विचाराधीन आहे' असं आयुक्तांच्याच वतीने कळवायचं, हा माझा धंदा. अक्षर माझं, सही त्यांची. एका तरी वहीत 'मी' म्हणजे मी असावा म्हणून ही दैनंदिनी. वाक्याला कर्ता हवा, असं आमचे संस्कृतचे गुरुजी छडी हलवत सांगायचे. पन्नाशी उलटल्यावर का होईना, सापडला एकदाचा.

आज एक परिपत्रक लिहिलं. सर्व कायम कर्मचाऱ्यांची वैद्यकीय तपासणी होणार आहे. आस्थापना अधीक्षक, म्हणजे आमचे साहेब, म्हणाले, "जरा धाक बसेल असं लिहा. गेल्या शिबिराला निम्मी माणसं फिरकलीच नाहीत." मग मी शेवटी घातलं : 'तपासणीस उपस्थित न राहणे ही गैरहजेरी न समजता अवज्ञा समजण्यात येईल.' साहेबांनी 'अवज्ञा' हा शब्द तोंडात घोळवून पाहिला. "ह्याला म्हणतात अस्सल मराठी!" म्हणाले. तो संस्कृत आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. आनंदात विघ्न कशाला आणा.

आणखी दोन-चार शब्द मी माझ्या मनाने घातले : 'तपासणी पथकातील कर्मचारी वगळून.' पथक म्हणजे दोनच माणसं. पालिकेचे डॉक्टर, आणि पालिकेच्या दवाखान्यातली परिचारिका, म्हणजे आमची ही. अख्खी पालिका हिला 'सिस्टर' म्हणते, आणि त्या नात्याने मी अख्ख्या पालिकेचा भावोजी झालो आहे. शिपाई, गवंडी, आगीच्या बंबाचा ड्रायव्हर, सगळे भावोजी म्हणतात. आयुक्त तेवढे राहिलेत.

घरी येऊन म्हटलं, "तुझी सुटका केली. दिवसभर लोकांचे दंड आवळायचे आणि शेवटी स्वतःचाही आवळायचा, हा कुठला न्याय? आभार मान."

ही भांडी घासत होती. हात थांबला. "खरंच वगळलंत?"

"लेखी."

"बरं केलंत," म्हणाली आणि नळ मोठा सोडला. आभार मानायची हिला सवय नाही. तेव्हा 'बरं केलंत' हेच मी आभार म्हणून जमा करून घेतलं.

मंगळवार, ४ तारीख

पहिल्या तुकडीत मुख्य कार्यालय. म्हणजे मी! सुताराने खुर्ची करावी आणि पहिल्यांदा तोच तिच्यातून पडावा, तशी गत.

मी जाणार नाही. मागचं शिबिर मी विसरलेलो नाही. सभागृहात सदरे काढायला लावून आम्हाला ओळीत उभं केलं होतं. वजनकाटा कुठला, तर भांडारातला, ब्लीचिंग पावडरीची पोती तोलायचा. त्याला दोन दांड्या आहेत. एकीवर माल तोलायचा आणि दुसरीवर, आधीच, रिकाम्या पोत्याचं वजन लावून ठेवायचं, म्हणजे ते आपोआप वजा होतं. भांडारपालाने सवयीने ती पोत्याची दांडी लावलेलीच ठेवली आणि एकेकाचं वजन खणखणीत आवाजात पुकारलं : "बारदान वजा जाता अमुक किलो!" मी विचारलं, "अहो, माणसाला कुठलं बारदान?" तर माझ्या पोटावर नजर ठेवून म्हणाला, "ते वरून दिसतंय ते." अर्ध्या पालिकेने ते ऐकलं आणि उरलेल्या अर्ध्या पालिकेने ते घरी जाऊन सांगितलं.

माझं शरीर ही पालिकेची स्थावर नाही, जंगम तर नाहीच नाही. हे मी हिला ठणकावून सांगितलं.

"घाबरता तुम्ही," ही म्हणाली.

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाला रक्तदाब नसतो. तुम्हाला आहे."

"तो मोजेपर्यंत नाही."

ह्यावर ही हसली, पण नेहमीसारखी खळखळून नाही. मग म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर येऊ नका. मला ह्या वेळी सफाईवाल्यांपर्यंत पोचायचंय. गेल्या वेळी त्यांची पाळी आली आणि शिबिर गुंडाळलं. गटारात उतरणारी माणसं ती, आणि आपण तपासतो कोणाला, तर खुर्च्यांना." त्यांना पहिल्या तुकडीत घ्या म्हणून ही साहेबांशी भांडली होती. साहेबांनी शेवटच्या तुकडीत घातलं. मीच तसं लिहिलं, अर्थात त्यांच्या वतीने.

शुक्रवार, ७ तारीख

शिबिर सुरू झालं. मी माझ्या टेबलाशी बसून राहिलो आणि कचरापेटी हलवण्याबाबतच्या एका तक्रारीला फार सुंदर उत्तर लिहिलं. मनातल्या मनात एक चरणही जुळवला : 'रक्तदाबभयाल्लिपिकः पलायते.' मग खोडला. मी पलायन करत नाही, मी ठाण मांडतो.

प्रकृती उत्तम असल्याचा पुरावा हवा असेल तर तो आमच्या जिन्यात आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. संध्याकाळी आम्ही दोघं बरोबर चढायला लागलो आणि मी हिला सहज मागे टाकलं! पूर्वी हीच पुढे जाऊन वरून "येताय ना?" म्हणून ओरडायची. आता मी दार उघडून दिवा लावला तरी हिचा पत्ता नाही. खाली वाकून पाहिलं, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला टेकून उभी, शेजारणीच्या कुंड्या न्याहाळत.

"काय चाललंय?"

"फूल आलंय."

कुंडीत नुसती पानं होती. पण बायकांना फुलं आधी दिसतात म्हणे.

दुसरी नोंद राजकीय स्वरूपाची. हिने माझ्या घरातल्या चपला बळकावल्या आहेत. स्वतःच्या तीन जोड्या असताना! "तुमच्या पसरट आहेत, बऱ्या वाटतात," असं खालसा करणाऱ्यांच्या नेहमीच्या थाटात सांगितलं. मी अनवाणी हिंडतो आहे. आज तर त्या घालून ही शिबिरातही गेली.

रविवार, ९ तारीख

दुपारी लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते, नोकरी करते, आणि आईबापांना दर रविवारी वळण लावते.

"आई कुठेय?"

"झोपलीय."

"आत्ता? दुपारची? आई?"

"शिबिराची दमणूक. आणि झोप कसली, दरबार आहे तो. पाठीशी तीन उश्या रचून महाराणीसारखी बसूनच झोपते हल्ली."

लेक म्हणाली, "बाबा, आईला दम लागतो का हो?"

"तुझ्या आईला दम देता येतो. लागत नाही."

हा विनोद तिला आवडला नसावा. "आईला उठवा," म्हणाली. ही उठली, फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं. मला एवढंच ऐकू आलं : "अगं, शिबिर संपू दे... मला कळतं गं, मी नर्स आहे... बाबांना मुळीच बोलायचं नाही."

म्हणजे माझ्या रक्तदाबावरून दोघींचं कारस्थान शिजतंय. शिजू दे. ह्या वयात मला फसवून दवाखान्यात नेणं सोपं नाही.

मंगळवार, ११ तारीख

पालिकेत एक चमत्कार चालू आहे. जो तपासून येतो त्याचं वजन उतरलेलं! आमचा टंकलेखक तीन किलो हलका, पाणीपुरवठ्याचा अभियंता चार किलो, आणि साहेब तर इतके हलके झाले की चहाबरोबर आता चार बिस्किटं घेतात. "संयम, दुसरं काय," असं दोन्ही गालांत बिस्किट असताना म्हणाले.

मला शंका आली. एकाच आठवड्यात सगळी पालिका संयमी होत नाही. आयुक्तांच्या वतीने मी वीस वर्षं खेद व्यक्त करतो आहे, मला माणसं माहीत आहेत.

चहाच्या टपरीवर भांडारपाल भेटला. काटा त्याचाच, पोत्यांचा. त्याला छेडलं, तर उलट माझ्यावरच उखडला. "भावोजी, काटा रोज सकाळी सिस्टर स्वतः तपासतात. आपल्याकडे आधी सिस्टर, मग जग. पहिल्या दिवशी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, दोन किलो जास्त दाखवतोय. मी बारदानाची दांडी सरकवली. काल परत म्हणाल्या, आणखी दोन जास्त. परत सरकवली. आता बिनचूक आहे."

ही पद्धत मला ठाऊक आहे. दवाखान्यात प्रमाणित वजनं नाहीत. ती गहाळ झाल्याला जमाना झाला आणि नवी 'विचाराधीन' आहेत. तेव्हापासून ही रोज सकाळी स्वतः काट्यावर उभी राहते आणि आपल्या वजनावरून काटा पारखते. आमच्या घरात न बदललेली वस्तू एकच, हिचं वजन. लग्नात होतं ते. माझं मी इथे लिहीत नाही.

म्हणजे दोष सिस्टरचा नाही, त्या भांडारपालाच्या दांडीचा. बारदान अजून वजा होतंच आहे! आणि ज्या तपासणीचा काटाच खोटा, तिला गैरहजर राहणं ही अवज्ञा कशी? हत्यार सापडलं.

बुधवार, १२ तारीख

साहेबांचं स्मरणपत्र आलं. उद्या उपस्थित राहावे, अन्यथा वगैरे. मीच गेल्या वर्षी केलेला मसुदा. भाषा चांगली आहे.

दुपारी सफाई खात्याचा मुकादम आला. ठेंगणा, रुंद, आणि हसला की सगळा हसणारा माणूस. टेबलाशी उभा राहून म्हणाला, "भावोजी, ऐकतोय ते खरं का? तुम्हाला बोलावतायत आणि तुम्ही जात नाही?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"असेल. आम्ही कपडे धुऊन बसलोय आणि आम्हाला बोलावत नाहीत. आमची पाळी आली की एक तर डॉक्टरची बदली होते नाहीतर काट्याची."

"ह्या वेळी सोमवारी नक्की आहे. सिस्टरने हट्टच धरलाय."

"त्या आहेत म्हणून तर भरवसा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण सिस्टरची तब्येत बरी आहे ना? परवा बोलता बोलता खुर्चीचा हात घट्ट धरून उभ्या होत्या."

"शिबिराची दगदग," मी म्हटलं, आणि त्याला कामाला लावलं. मंडईतल्या बाजार निरीक्षकाकडे शिक्क्याची लोखंडी वजनं असतात, दुकानदारांची चोरी पकडायला. त्यातलं वीस किलोचं मी काही दिवसांपुरतं मागून घेतलं आहे. मुकादम ते हातगाडीवरून आणणार.

"एवढं लोखंड कशाला?"

"सत्यासाठी."

"मग जड असणारच," मुकादम म्हणाला.

गुरुवार, १३ तारीख

झालं ते सगळं क्रमाने लिहितो. क्रम मोडला तर लिहून होणार नाही.

सभागृहात गर्दी होती. डॉक्टर पडद्यामागे कोणाच्या तरी छातीला तारा लावत होते. काट्याशी भांडारपाल, आणि टेबलाशी ही, दंडाला पट्टा गुंडाळण्यात गुंतलेली. मी आत शिरलो, मागून मुकादम ते लोखंड छातीशी धरून. मला पाहून टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "आलात! शहाणपण सुचलं!"

"मी तपासायला आलोय," म्हटलं. "तपासून घ्यायला नाही."

मुकादमाने वजन काट्यावर ठेवलं. वीस किलो, वर सरकारी शिक्का. भांडारपालाने दांडीवरचं सरकतं वजन पुढे नेलं. दांडी सोळावर तरंगली.

मी सोळा हा आकडा मोठ्याने वाचला. बारदान वजा जाता, असंही म्हणालो. लोक खदखदून हसले. टंकलेखकाचे उतरलेले तीन किलो त्याच्या अंगावर परत आलेले मी डोळ्यांनी पाहिले. साहेबांच्या हातात बिस्किट होतं, ते त्यांनी खिशात ठेवलं. मी म्हणालो, "गृहस्थहो, इथे अपात्र कोणी असेल तर ही तपासणी!" छान वाक्य होतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वतीने बोललो.

डॉक्टर पडदा सारून बाहेर आले. तरुण माणूस, फारसा बोलत नाही. सोळाकडे बघितलं. "काटा कोणी लावला?"

"सिस्टरच्याच वजनावर की," भांडारपाल घाईने म्हणाला. "पहिल्या दिवशी दोन जास्त दाखवत होता, सोमवारी परत दोन. म्हणून सरकवला."

मला वाटलं, आता डॉक्टर त्याला झापणार. पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. काट्याकडेही नाही. ते हिच्या पायांकडे पाहत होते. माझ्या चपलांकडे.

"सिस्टर, बसा," ते म्हणाले.

"आधी रांग संपू दे."

"बसा."

ही बसली. डॉक्टर सगळ्यांसमोर जमिनीवर उकिडवे बसले, हिचा पाय चपलेतून काढला. पट्ट्याचा वळ पावलावर खोल उमटला होता. त्यांनी घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला आणि काढला. अंगठा निघाला, पण खड्डा तसाच राहिला. ओल्या मातीत राहतो तसा.

सभागृहात कोणी हसेना. तेव्हा एकेक गोष्ट मागून येऊन मला गाठायला लागली. कुंडीत नसलेलं फूल. उश्या. चपला. काटा पहिल्यापासून खरं बोलत होता. अंगात पाणी साठून वजन वाढलं होतं ते हिचं, आणि आम्ही सगळ्या पालिकेला हलकी करून तिला तेवढीच ठेवली होती.

"केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाले काही आठवडे." मग माझ्याकडे बघून, रागाने नाही, नुसतं दमून, म्हणाली, "काटाच चुकतोय म्हणणं सोपं होतं हो. मला सोमवार हवा होता. तुम्हाला आजच कशाला सुचलं?"

डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात. ही म्हणाली, मंगळवारी. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबून राहत नाही, सिस्टर. ही म्हणाली, गटारवाले गेल्या शिबिरापासून थांबलेत, आणि खुर्चीचे हात धरून उठायला लागली. मी आडवा आलो. "तू गेल्याशिवाय मी इथून हलत नाही."

"इतके दिवस येणार नाही म्हणत होतात, आता जाणार नाही म्हणता."

"म्हणतो."

ही थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली. मागे दाराशी मुकादम उभा होता. हिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सोमवारचं शिबिर होणार, असा शब्द द्या. तुमचे ते मोठे नकोत. साधा द्या."

"होईल," मी म्हटलं.

"मग चला."

जिना उतरताना मुकादमाने आणि मी खुर्चीसकट उचललं हिला. माझ्या चपला हिच्या मांडीवर.

शुक्रवार, १४ तारीख

हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. लहानपणीच्या कुठल्याशा तापाने खराब झालेली, इतकी वर्षं गप्प होती. आधी औषधांनी अंगातलं पाणी काढणार, मग झडप दुरुस्त करणार. वेळेत आलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी मान खाली घातली. वेळेत आणायला गेलो नव्हतो, भांडारपालाला पकडायला गेलो होतो.

पेशंट म्हणून ही अत्यंत वाईट आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं सलाइन हिनेच दोनदा हळू केलं. नर्सने रागावून विचारलं, "तुम्ही नर्स आहात की पेशंट?"

"आळीपाळीने," ही म्हणाली.

लेक आली आहे. माझ्याशी फार बोलत नाही. मला खाटेजवळच्या खुर्चीवर बसवून हातात चहा दिला आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मी काही विचारलं तर विनोद करू नका." बरं म्हटलं.

शनिवार, १५ तारीख

साहेबांनी बोलावलं. आवाजात सहानुभूती ओतप्रोत, हातात पेन. "फार वाईट झालं. आता सिस्टर नाहीत, काट्याची शोभा झाली, तेव्हा शिबिर स्थगित. राहिलेल्या तुकडीचं पुढे बघू. दोन ओळींचं पत्र करा. ते तुमचं 'अपरिहार्य कारणास्तव' घाला."

"राहिलेली तुकडी म्हणजे सफाई खातं."

"हो ना. त्यांना सवय आहे."

मी खुर्चीवरून उठलो. कशासाठी ते आधी मलाच कळलं नाही. 'नाही' ह्या अर्थाची किती वाक्यं मी आजवर लिहिली असतील! खेद आहे, तूर्त शक्य नाही, नियमात बसत नाही. पण तो शब्द नुसता, धोतर-टोपी न चढवता, कधी वापरला नव्हता.

"नाही," म्हटलं.

"म्हणजे?"

"मी हे पत्र लिहिणार नाही."

"दुसऱ्या कोणाकडून करून घेईन."

"घ्या."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दुसरं कोण? टंकलेखक समोर ठेवलेलंच टंकतो. साहेब स्वतः एकदाच पत्र लिहायला बसले होते, त्या पत्राने एका जिवंत नागरिकाचं सांत्वन त्याच्याच निधनाबद्दल केलं होतं. तेव्हापासून पेन ते फक्त सहीला उघडतात. आणि पालिकेचा धर्म असा, की जे लेखी थांबवलेलं नाही ते चालू असतं.

"ही सरळ सरळ अवज्ञा आहे!" साहेब ओरडले.

"शब्द माझाच आहे, साहेब," मी म्हटलं. "योग्य ठिकाणी पडला."

बाहेर येऊन पाणी प्यायलो. लागोपाठ तीन पेले. रक्तदाब असणार.

सोमवार, १७ तारीख

शिबिर झालं.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो, तर ते आधीच पट्टे मांडत होते. "पत्र आलं नाही ना? मग मी कशाला थांबू," म्हणाले. काटा मुकादमाच्या लोखंडावर लावून घेतला. बारदानाची दांडी मी सुतळीने बांधून टाकली. भांडारपाल हळहळला, पण सुतळी त्यानेच आणून दिली.

मग सभागृहात ती रांग आली. सफाई खातं, शेवटच्या माणसापर्यंत. धुतलेले कपडे, भांग पाडलेले केस, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्यांचा अविश्वास. कोणीच पुढे येईना. मुकादम म्हणाला, "भावोजी, आधी सिस्टर, मग जग अशी पद्धत आहे. सिस्टर नाहीत."

कळलं मला. सदरा काढला आणि काट्यावर चढलो.

"बारदान धरून का सोडून?" मुकादमाने विचारलं. आता हसायला हरकत नव्हती. सगळे हसले, मीही. आकडा पुकारला गेला. अजूनही मी तो इथे लिहीत नाही. रक्तदाब मात्र लिहितो : आहे. भरपूर. गोळी सुरू झाली.

मग दिवसभर मी वजनं केली, लोकांना हात धरून उतरवलं. एका झाडूवाल्या मावशींच्या पाठीला डॉक्टरांनी नळी लावली आणि म्हणाले, "मोठा श्वास घ्या." मावशींनी घेतला आणि कोंडूनच धरला. शेवटी लालबुंद होऊन विचारलं, "सोडू कधी, डाक्तर?" कोणी त्यांना आजवर श्वास घ्या असं सांगितलंच नव्हतं, तेव्हा सोडायचा हे त्यांना कसं ठाऊक असणार. गटारात उतरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची छाती घरघरते आहे. त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवण्याच्या चिठ्ठ्या डॉक्टर लिहीत होते, आणि त्यांचं अक्षर वाचता येईल असं मी पुन्हा लिहीत होतो.

संध्याकाळी हिला जाऊन सांगितलं. "सगळे?" हिने विचारलं.

"सगळे. मीसुद्धा."

हिने माझं मनगट धरलं. मला वाटलं, प्रेमाने. नाडी मोजत होती.

गुरुवार, २० तारीख

'कारणे दाखवा' नोटीस निघायची आहे. साहेबांनी बोलावून घेतलं आणि बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "ती... तुमच्यावरची नोटीस. मसुदा करता का?"

केला. आपल्या हाताने आपल्यावर नोटीस काढताना भाषा सैल पडता कामा नये, म्हणून जास्तच कसून केला. 'वरिष्ठांच्या आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा' असं घातलं. साहेबांनी वाचून मान डोलावली. "जरा कडक होत नाही का?"

"होऊ दे. केलीच आहे तशी."

सही करताना त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "सिस्टर कशा आहेत?" सांगितलं. "माझी बायको म्हणत होती, एकदा मलाही नीट दाखवून घ्या," म्हणाले. बिस्किटं टेबलावर नव्हती.

रविवार, २३ तारीख

उत्तराचा मसुदा घेऊन दवाखान्यात गेलो. चांगला दोन पानी झाला होता. त्यात कर्तव्य होतं, विवेक होता, 'सदसद्विवेक' तर तीन ठिकाणी होता.

ही खाटेवर नव्हती. वऱ्हांड्यात पाय ओढल्याचा आवाज आला, चट् फट्, चट् फट्. ही येत होती, एकटी, भिंत न धरता. माझ्या चपला पावलांना मोठ्या झाल्या होत्या. टाच मागून उचलली जाई आणि चप्पल तिथेच राही.

"सकाळी वजन केलं," ही म्हणाली. "लग्नातलं आलं."

"काटा बरोबर आहे ना पण?"

"दुसऱ्यावरही उभी राहिले." खाटेवर टेकली. श्वास लागला, पण लपवला नाही. झडपेचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. "भीती वाटते," असंही म्हणाली. इतक्या वर्षांत हे वाक्य हिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी विनोद केला नाही.

मग उत्तर वाचून दाखवलं. हिने डोळे मिटून ऐकलं. नंतर पेन मागितलं आणि पहिलं पान आडवं खोडलं. मग दुसरं. मी कळवळलो. "अगं, त्यात विवेक होता!"

"असू दे. काय केलंत ते लिहा. कारण विचारलंय ना त्यांनी?"

तिथेच, तिच्या औषधांच्या टेबलावर, नव्या कागदावर लिहिलं :

'शिबिर थांबवण्याचे पत्र मी लिहिले नाही. माणसे तपासायची राहिली होती. पुन्हा असे पत्र सांगितले, तर पुन्हा लिहिणार नाही. यापुढील प्रत्येक परिपत्रकात तपासणी पथकाचीही तपासणी होईल, असे लिहीन. ते खोडायचे असल्यास आपल्या हाताने खोडावे.'

हिने वाचलं. एक शब्दही काढला नाही. "चपला परत हव्यात का?" एवढंच विचारलं.

"राहू दे तुलाच," म्हटलं.

कागदाच्या तळाशी सवयीने 'आयुक्तांच्या वतीने' लिहायला हात गेला होता. थांबवला. सही केली. माझी.